ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ, संपादक, लेखिका व समाजसेविका होत्या. भारतातील बालशिक्षण चळवळीच्या प्रवर्तकांमध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी आपल्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासह गरीब व आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग केले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्या प्रयोगांचे मुख्य सूत्र होते. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी या कल्पना याच कामातून पुढे आल्या. या कार्याबद्दल भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

बालपण, शिक्षण व विवाह

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. मुलींना शिकविणे हेच जेव्हा बहुतेक घरांत अनावश्यक मानले जाई, त्या काळात ताराबाईंना घरातूनच शिक्षणाचे व मोकळ्या विचारांचे वळण मिळाले. १९१४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळविली. त्या पिढीत पदवीधर स्त्रिया अगदी मोजक्या होत्या.

पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही आणि १९२१ साली दोघे कायदेशीररीत्या विभक्त झाले. घटस्फोट ही गोष्ट तेव्हाच्या मध्यमवर्गीय समाजात जवळजवळ अपरिचित होती. लहानग्या प्रभाची जबाबदारी घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्णय ताराबाईंनी घेतला. त्यांच्या आयुष्याच्या या पर्वावर रत्नाकर मतकरी यांनी पुढे 'घर तिघांचं हवं' हे नाटक लिहिले.

राजकोट आणि भावनगर

विभक्त झाल्यानंतर ताराबाई सौराष्ट्रात गेल्या. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या त्या प्राचार्या झाल्या. प्रतिष्ठेची आणि बऱ्या पगाराची ही नोकरी होती. मात्र याच काळात भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेतील बालमंदिराची माहिती त्यांना मिळाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीकडे वळले. मूल हे रिकामे भांडे नसून स्वतःच्या हातांनी, डोळ्यांनी व कानांनी शिकणारी स्वतंत्र व्यक्ती आहे. भीती आणि मार यांनी शिक्षण होत नाही. शिक्षकाने कमी बोलावे आणि अधिक पाहावे, हा त्या पद्धतीचा गाभा होता. भारतातील शाळांत तेव्हा छडी आणि घोकंपट्टी यांचे राज्य होते. त्यामुळे हा विचार अनेकांना विचित्रच वाटत असे.

१९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. तेथील सुमारे नऊ वर्षांत त्यांनी मुलांचे बारकाईने निरीक्षण केले, गुजराती भाषेवर प्रभुत्व मिळविले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि लेखन केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा प्रसार करणे, शिक्षक तयार करणे आणि पालकांचे मत बदलणे हे या संघाचे काम होते. गिजुभाईंनी चळवळीला कल्पना आणि बालसाहित्य दिले, तर ताराबाईंनी तिला संघटनेची व प्रशिक्षणाची घडी बसवून दिली.

शिक्षणपत्रिका व पालकांचे शिक्षण

बालमंदिरात मूल दिवसातून काही तासच असते, उरलेला सगळा वेळ ते घरी असते. बालमंदिरात मिळालेले स्वातंत्र्य घरी हिरावले गेले, तर शिक्षकाचे श्रम वाया जातात, हे भावनगरच्या कार्यकर्त्यांच्या लवकर लक्षात आले. म्हणून 'शिक्षणपत्रिका' हे मासिक शिक्षकांइतकेच पालकांसाठीही चालविण्यात आले. मासिक प्रथम गुजरातीत निघाले. १९३३ सालापासून ताराबाईंच्या संपादनाखाली त्याची मराठी आवृत्ती निघू लागली. हिंदीतही ते प्रसिद्ध होत असे.

ताराबाईंनी मराठी पालकांसमोर मांडलेले विषय घरगुती होते. मूल हट्ट का करते, ते जेवताना का रडते, वस्तू का मोडते, खोटे का बोलते, त्याला शिस्त कशी लागते, या प्रश्नांचा त्यांनी शास्त्रीय दृष्टीने व सोप्या भाषेत विचार केला. मोठ्यांना जे खोडकरपण वाटते, ते अनेकदा मुलाचे कामच असते, ही त्यांच्या लेखनातील मूळ भूमिका होती. पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतणे, धान्य निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, केर काढणे, बटणे लावणे ही घरातील कामे मुलाच्या हाताला वळण देतात आणि त्याची एकाग्रता वाढवितात. ती काढून घेऊन मुलाला नुसते गप्प बसविणे म्हणजे त्याचे शिक्षण थांबविणे होय. या विचारामुळे शिक्षणाची सुरुवात पाटी-पुस्तकापासून होते, या समजुतीला छेद गेला. घर हीसुद्धा शिकण्याची जागा आहे आणि आई-वडील हे मुलाचे पहिले शिक्षक आहेत, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गापर्यंत पोहोचविण्यात 'शिक्षणपत्रिके'चा मोठा वाटा आहे.

मुंबईतील शिशुविहार

भावनगर सोडल्यानंतर ताराबाईंनी मुंबई हे आपले कार्यक्षेत्र केले. १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू झाली. तिला जोडून बालशिक्षकांसाठी अध्यापक मंदिर चालविण्यात आले. मराठी व गुजराती घरांतील मुले येथे येत असत, आणि येथे तयार झालेल्या शिक्षिकांनी पुढे ठिकठिकाणी बालमंदिरे काढली. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले. त्यानंतर संघाच्या कामाचा भार प्रामुख्याने ताराबाईंवर आला.

शिशुविहार यशस्वी झाले, तरी एक प्रश्न ताराबाईंना सतावू लागला. बालमंदिरांचा लाभ शहरातील सुस्थितीतील घरांनाच मिळत होता. लाकडी दट्ट्यांच्या पेट्या, ठोकळ्यांचे मनोरे, भौमितिक आकार, खरखरीत कागदाची अक्षरे ही माँटेसरी पद्धतीची साधने कारागिराकडून अचूक मापाने करवून घ्यावी लागत आणि ती महाग पडत. डॉ. माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह काढले, ते गरीब कामगारांच्या वस्तीत. भारतात मात्र त्यांची पद्धत श्रीमंतांची म्हणून ओळखली जाऊ लागली होती. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत राहतात, त्या देशात खेड्यात न पोहोचणारे बालशिक्षण अपुरे आहे, या निष्कर्षावर ताराबाई आल्या. महात्मा गांधींच्या नई तालीम विचाराचाही त्यांच्यावर प्रभाव होता. १९३७ साली वर्धा येथे मांडलेली ती योजना सात वर्षांवरील मुलांसाठी होती. १९४५ साली सेवाग्रामच्या परिषदेत तिचा विस्तार होऊन सात वर्षांखालील मुलांचे पूर्व-बुनियादी शिक्षणही तिच्यात आले.

बोर्डी : ग्राम बाल शिक्षा केंद्र

१९४५ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षात असताना, ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे घोलवड रेल्वे स्थानकाजवळचे, चिकूच्या वाड्यांचे गाव. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे तेथे शिक्षणाची व राष्ट्रीय कार्याची परंपरा आधीच निर्माण झाली होती. मात्र बागायतदारांच्या मुलांसाठी शाळा असली, तरी शेतमजूर, मच्छीमार, दलित व आदिवासी यांच्या वस्त्यांतील लहान मुलांचा विचार कोणी केलेला नव्हता. परिसरातील सामाजिक तणावही तीव्र होता. त्याच वर्षी डहाणू, तलासरी व उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा उभा राहिला होता.

याच सुमारास बोरिवली येथील ग्रामसेविकांच्या शिबिरात ताराबाईंची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली. अनुताई (१९१०–१९९२) बालविधवा होत्या. कष्टाने शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या होत्या. ताराबाईंच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्या बोर्डीला आल्या आणि अखेरपर्यंत त्याच कामात राहिल्या. ताराबाईंची शास्त्रीय दृष्टी व योजकता आणि अनुताईंची प्रत्यक्ष कामाची चिकाटी यांच्या मेळातून पुढील सर्व प्रयोग घडले.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. तेथेही बालशिक्षण हाच त्यांच्या आस्थेचा विषय राहिला.

अंगणवाडीची कल्पना

केंद्रातील बालवाडी सर्वांना खुली होती, तरी गरीब वस्त्यांतील मुले तिच्याकडे फिरकत नसत. त्याची कारणे शोधताना कार्यकर्त्यांना काही गोष्टी दिसल्या. आई-वडील पहाटेच मजुरीला जात, त्यामुळे मुलाला आंघोळ घालून वेळेवर पाठविणारे घरात कोणी नसे. मुलांना पुरेसे कपडे नसत. अनोळखी, नीटनेटक्या इमारतीची मुलांना भीती वाटे, आणि वरच्या जातीच्या मुलांबरोबर बसण्याचा संकोच पालकांच्या मनात खोल रुजलेला असे. मुले येत नाहीत, याचा दोष त्यांच्या आळसाला किंवा पालकांच्या अज्ञानाला देणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. शाळेची रचनाच या मुलांच्या जगण्याशी जुळत नाही, असा अर्थ त्यांनी लावला.

मग बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, सारवायचे, आणि ठरावीक वेळी शिक्षिकेने साहित्याची पिशवी घेऊन तेथे जायचे. इमारत, बाके, घंटा यांपैकी काहीही नसलेली ही शाळा म्हणजेच अंगणवाडी. मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे यांपासून दिवस सुरू होई. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ, चित्रे, मातीकाम आणि इंद्रियशिक्षणाचे उपक्रम होत. स्वच्छतेला पहिले स्थान होते, पण ती शिक्षेसारखी न लादता मुलाला स्वतःच्या शरीराची ओळख करून देणारा एक खेळ म्हणून शिकविली जाई.

अंगणात भरणाऱ्या शाळेचा आणखी एक परिणाम झाला. घरातील आजी, बाळंतीण, कामावर न गेलेली आई हे सारे ती उंबऱ्यातून पाहत असत. मुलाला न मारता शांत कसे करावे, त्याच्या प्रश्नांना उत्तर कसे द्यावे, जखम कशी धुवावी, हे त्यांना व्याख्यानाशिवाय कळू लागले. शहरात 'शिक्षणपत्रिका' वाचणाऱ्या पालकांसाठी जे काम मासिकाने केले, ते निरक्षर पालकांसाठी अंगणाने केले.

परिसरातून साधने

बोर्डीच्या कामाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे शैक्षणिक साधनांविषयीचा नवा विचार. ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीतील तत्त्व आणि तिची साधने यांत भेद केला. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत, गोल-चौकोनी यांतील फरक मुलाला हाताने व डोळ्याने कळला पाहिजे, हे तत्त्व. ते साध्य करण्यासाठी परदेशी मापाची लाकडी पेटीच हवी असे नाही. समुद्रकाठचे शंख-शिंपले, नदी-नाल्यातील गोटे, झाडांची पाने, बिया, काटक्या, माती यांतून तेच साध्य होऊ शकते.

शिंपले आकाराप्रमाणे क्रमाने मांडणे, हा मनोऱ्याच्या ठोकळ्यांसारखाच क्रम लावण्याचा अभ्यास होतो. वेगवेगळ्या झाडांच्या पानांच्या जोड्या लावणे हा निरीक्षणाचा पाठ होतो. चिंचोक्यांचे दहा-दहांचे ढीग केले, की दशक आणि एकक हातात येतात. ओल्या वाळूवर बोटाने काढलेले अक्षर पाटीवरच्या अक्षराआधी हाताला वळण देते. अशी साधने फुकट मिळतात, हरवली तर पुन्हा गोळा करता येतात, आणि ती गोळा करणे हाच एक उपक्रम असतो. शिवाय शाळेत हाताळलेली वस्तू मुलाला घरी, शेतात, किनाऱ्यावर पुन्हा दिसते, त्यामुळे शाळा सुटल्यावरही शिकणे चालू राहते. साधन स्वस्त असले तरी त्याची मांडणी नेमकी हवी. कोणती वस्तू कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी द्यायची, हे शिक्षिकेला ठाऊक असले पाहिजे, असा ताराबाईंचा कटाक्ष होता. म्हणूनच बालसेविकांचे प्रशिक्षण हा केंद्राच्या कामाचा अविभाज्य भाग राहिला.

कोसबाड : विकासवाडी

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचे काम बोर्डीहून काही अंतरावरील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. सभोवती वारली आदिवासींचे पाडे होते. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची तरतूद केली होती. तरी या पाड्यांवरील मुले शाळेपासून दूरच होती. येथे प्रश्न केवळ तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा नव्हता. सहा वर्षांवरील मुलगी शाळेत येऊ शकत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा येऊ शकत नसे, कारण त्याच्यामागे गुरे असत. लहान वयातच ही मुले घराच्या अर्थव्यवस्थेतील काम करणारी माणसे झालेली होती.

पहिल्या अडचणीवरचा उपाय म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. ताईने धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे, अशी ही योजना होती. मुलगी भावंडाला सांभाळते म्हणून तिला शाळेबाहेर ठेवण्याऐवजी भावंडालाच शाळेत स्थान देण्यात आले. या रचनेचा शैक्षणिक लाभही होता. बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला नवी जागा, नवी माणसे आणि नवी शिस्त यांचा धक्का बसत नसे. पूर्वप्राथमिक व प्राथमिक शिक्षण हा एकच सलग प्रवास आहे, हा विचार येथे प्रत्यक्षात आला. मोठ्या मुली पाळणाघरात मदत करताना बालसंगोपन शिकत, आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबर पाड्यावर जाई.

मुलांच्या बोलीकडेही कोसबाडला लक्ष देण्यात आले. वारली बोली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठी परकी वाटे. त्याची बोली चुकीची ठरवून सुरुवात केली, तर तो बोलणेच थांबवितो. म्हणून आधी त्याच्या भाषेत संवाद, त्याच्या परिसरातील गाणी व गोष्टी, आणि त्यातून हळूहळू प्रमाण मराठीकडे असा मार्ग धरण्यात आला.

कुरणशाळा

गुराख्या मुलांसाठी अंगणवाडीचाच विचार एक पाऊल पुढे नेण्यात आला. मुले अंगणातही सापडत नव्हती, तर कुरणात होती. म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली मुलांना जमवून तेथेच शिकविण्याच्या या प्रयोगाला कुरणशाळा असे नाव मिळाले. झाडे, पक्षी, दगड, ओढा, सावली हेच तेथील पाठ्यपुस्तक. गुरे मोजणे, ती ओळखणे, त्यांच्या चरण्याच्या वाटा जमिनीवर रेखाटणे यांतून अंकगणित व भूगोलाची सुरुवात करता येई. मुलांजवळ आधीपासून असलेले ज्ञान हा पाठाचा पाया मानला गेला. रानातील वनस्पती, प्राणी आणि ऋतू यांविषयी गुराखी मुलाला शिक्षकाहून अधिक माहिती असते. ते ज्ञान मोलाचे आहे असे शिक्षकाने वागण्यातून दाखविले, की मुलाचा आत्मविश्वास वाढतो आणि मग अक्षराची भीती कमी होते.

या प्रयोगांना मर्यादाही होत्या. दारिद्र्य, हंगामी स्थलांतर आणि कुपोषण हे प्रश्न शाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. भातलावणीच्या व कापणीच्या दिवसांत मुलांची उपस्थिती घसरणे अटळ होते. शिवाय असे काम निष्ठावान व प्रशिक्षित शिक्षिकांवर अवलंबून असल्यामुळे त्याची केवळ आदेशाने नक्कल करणे कठीण होते. तरीही आदिवासी मुलांना शिक्षणाची आवड नाही, हा रूढ समज कोसबाडने खोटा ठरविला.

लेखन

ताराबाईंनी मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत लेखन केले. बालसंगोपन, बालमानस आणि शिस्त हे त्यांच्या लेखनाचे प्रमुख विषय होत. 'बालविकास व शिस्त', 'बिचारी बालके' ही पालक व शिक्षकांसाठीची पुस्तके आणि 'नदीची गोष्ट' हे मुलांसाठीचे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. त्यांची भाषा साधी, मुद्देसूद आणि अनुभवाला धरून चालणारी आहे. पद्मजा फाटक यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. अनुताई वाघ यांच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मचरित्रातही ताराबाईंचे व त्यांच्या कार्याचे जवळून दर्शन घडते.

निधन व वारसा

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर अनुताई वाघ यांनी कोसबाडचे काम १९९२ साली स्वतःच्या निधनापर्यंत सांभाळले. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. सरकारी अंगणवाडीत पूरक आहार, लसीकरण व आरोग्य तपासणी यांनाही महत्त्वाचे स्थान आहे. बोर्डीच्या अंगणवाडीत खेळ, भाषा व इंद्रियशिक्षण हा केंद्रबिंदू होता. नाव देशभर पोहोचले, पण पूर्वप्राथमिक शिक्षणाचा भाग अनेक ठिकाणी दुबळा राहिला, अशी टीका बालशिक्षणाच्या क्षेत्रातून वारंवार होत आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला. पूर्वप्राथमिक व प्राथमिक यांची सांगड घालणारी ही कल्पना विकासवाडीच्या रचनेशी मिळतीजुळती आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा आठ तालुक्यांचा जिल्हा झाला. त्याच्या दक्षिण टोकाला वसई-विरारसारखे दाट लोकवस्तीचे महानगर आहे, तर उत्तरेला व पूर्वेला डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके आहेत. या तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी वसई-भिवंडी परिसरात उतरतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. वसई तालुक्यातील विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरील झोपड्यांजवळच चालविलेल्या भोंगाशाळांमागेही शाळेनेच मुलाकडे जावे हा विचार होता. करोना साथीच्या काळात शाळांच्या इमारती बंद असताना राज्यातील अनेक शिक्षकांनी ओट्यावर, पारावर आणि अंगणात लहान गट करून, हाताशी असलेल्या वस्तूंच्या साह्याने प्राथमिक वर्गातील मुलांना शिकविले. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, तेथे दगड, बिया व काटक्या हीच गणिताची साधने ठरली.

ताराबाईंच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांनी काढलेल्या संस्थांची मोजदाद पुरेशी ठरत नाही. शाळेत न येणाऱ्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी बदलली. मूल अनुपस्थित आहे, यात त्यांना मुलाची उणीव न दिसता शाळेची उणीव दिसली, आणि ती भरून काढण्यासाठी त्यांनी शाळेची जागा, वेळ, साधने आणि भाषा या चारही गोष्टी बदलल्या. अंगणवाडी हा शब्द आज प्रत्येक मराठी गावात रोजच्या वापरातला झाला आहे.